परदेशी क्राईम सिरीज पहिल्यांदाच बघतोयस ना, मग हे वाच

भावा, आधी ते डबिंग बंद कर. ओरिजिनल आवाज आणि सबटायटल्स, बस्स. पहिले दोन एपिसोड जड जातात, मग डोळ्यांना सवय होते. आणि प्लीज, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये बसमधून मोबाईलवर बघू नकोस, मी तसं बघायचो आणि एक ओळ सुटली की पुढचा अख्खा ट्विस्ट डोक्यावरून जायचा. रात्री घरी, जेवणं आटपल्यावर, दिवा बारीक करून बघ.

सुरुवात डॅनिश 'द किलिंग'ने कर, २००७ची, २०११चा अमेरिकन रिमेक नको. पहिल्या सीझनला २० एपिसोड आहेत, एक एपिसोड म्हणजे तपासाचा एक दिवस. पोलीस, मुलगी गमावलेलं घर आणि महापौरपदाचं राजकारण असे तीन धागे एकत्र चालतात, त्यामुळे संशय सारखा एकावरून दुसऱ्यावर सरकत राहतो. तू आठव्या एपिसोडला खुनी ओळखलास म्हणून मला मेसेज करशील, तर थांब, पुढे बघ.

आणि तपास करणारी पोलीस अधिकारी, सारा लुंड! आपल्याला हिरो म्हटलं की एन्ट्री, डायलॉग, मारामारी हवी असते. ही बाई फक्त बघत राहते रे, तोच विणलेला स्वेटर घालून, रिकाम्या खोलीत टॉर्च फिरवत, समोरचा बोलत असतो आणि हिची नजर भलतीकडेच. तिचं घर, पोरगा, स्वीडनला जायचं ठरलेलं, सगळं मागे पडत जातं, ते बघून मला खरंच तिचा राग यायचा आणि तिच्यासाठी पोटात तुटायचंही. शेवट कुठेही वाचू नकोस, विकिपीडिया तर उघडूच नकोस.