म्हातारा मोत्या आणि आपली चिडचिड

प्रश्न : आमचा मोत्या 14 वर्षांचा झालाय. रात्री उठून घरभर फिरतो, भिंतीकडे तोंड करून भुंकतो, घरातच लघवी करतो. परवा त्याच्यावर ओरडले आणि मग स्वतःच रडत बसले. घरचे म्हणतात, कुत्र्यासाठी एवढं काय?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, झोप झाली नाही की माणूस आपल्या लेकरावरही ओरडतो, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. तुमचं रडू फक्त थकव्याचं नाहीये, तो जाणार हे मनाला आधीच कळलंय, म्हणून ते दुःख आत्ताच सुरू झालंय. घरच्यांना हे पटवायच्या भानगडीत पडू नका, सरळ सांगा की आठवड्यातून दोन रात्री तुम्ही उठा, मग बघा कसे गप्प होतात!

मोत्या मुद्दाम करत नाही हो. म्हाताऱ्या कुत्र्यांना माणसांसारखाच विसरभोळेपणा येतो, रात्र-दिवस कळत नाही, पण किडनी किंवा सांधेदुखीनेही असं होतं म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. घरातली कॉम्बिफ्लाम वगैरे अजिबात देऊ नका, त्यातलं आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषारी असतं. रात्री छोटा दिवा चालू ठेवा. शहाबादी फरशीवर त्याचे मागचे पाय घसरत असतील तर जुनी सोलापुरी चादर दुहेरी करून अंथरा आणि कडा जड वस्तूखाली दाबा, जाड सुतामुळे पकड मिळते आणि ओली झाली तरी धुता येते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 40च्या वर, तेव्हा फिरवणं पहाटेच.

आणि कॅलेंडरवर रोज एक खूण करा, आज तो नीट जेवला का, शेपूट हलवली का. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की तेच कॅलेंडर घेऊन डॉक्टरांशी बोला.