बागेचा सल्ला : फांद्या सुटलेल्या जेडची छाटणी

प्रश्न : आमच्या ठाण्याच्या घरी ग्रिलच्या गॅलरीत, दहा इंची सिमेंटच्या कुंडीत, सात-आठ वर्षांपूर्वी लावलेले जेड आहे. त्याची पाने नखाएवढी गोल आहेत आणि कोवळ्या फांद्या तांबूस आहेत. आता दोन-दोन फुटांच्या फांद्या ग्रिलबाहेर लोंबत आहेत, खालचे खोड उघडे पडले आहे आणि पाने केवळ टोकांना उरली आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून पाने पिवळी, पाणीदार होऊन नुसता हात लागला तरी गळतात. शेजारी सांगतात की झाड म्हातारे झाले, काढून टाका. छाटणी केल्यास उघड्या खोडाला फूट येईल का, आणि ती आत्ताच करावी का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : झाड काढून टाकू नये. आपण केलेल्या वर्णनावरून ते म्हातारे झालेले नाही. ते उजेडाच्या मागे धावते आहे आणि सध्या त्याला पाणी जास्त होते आहे. या दोन्ही गोष्टी दुरुस्त करता येण्यासारख्या आहेत, मात्र त्यांचा क्रम चुकता कामा नये, कारण जागा न बदलता केवळ कात्री चालवली तर नवी फूटही त्याच दिशेने, तशीच लांबट आणि अशक्त येईल.

पाने लहान, गोल आणि कोवळ्या फांद्या तांबूस असतील तर ते झाड पोर्टुलाकेरिया आफ्रा असणार. आपल्याकडील रोपवाटिकांत जेड म्हणून बहुतेक वेळा हेच विकले जाते. इतरत्र ज्याला जेड म्हणतात ते क्रासुला ओवाटा त्याहून बरेच मोठ्या आणि जाड पानांचे असते. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. पोर्टुलाकेरियाचा तिथला इतिहास आपल्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. पूर्व केप भागातील झुडपी रानात हत्ती हे झाड वरून ओरबाडून खातात, आणि जमिनीला टेकलेल्या खालच्या फांद्या मुळे धरून पुन्हा पसरतात. शेळ्या मात्र खालून खातात आणि त्या फांद्याच संपवतात, तेव्हा झाड टिकत नाही. म्हणून आपणही वरून निर्धास्त छाटावे, पण खोडाच्या तळाशी असलेल्या फांद्या, त्या कितीही वेड्यावाकड्या दिसल्या तरी, पहिल्या वर्षी ठेवाव्यात.

आत्ता, भर पावसात, छाटणी करू नये. हवेत इतका दमटपणा असताना मांसल खोडावरची जखम लवकर सुकत नाही आणि तिथूनच कूज आत शिरते. सध्या कुंडी पावसाची झड लागणार नाही अशा, पण भरपूर उजेडाच्या जागी हलवावी, खालच्या ताटलीतले पाणी काढून टाकावे आणि वरची दोन बोटे माती पूर्ण कोरडी होईपर्यंत पाणी देऊ नये. पान पिवळे आणि पाणीदार झाले तर पाणी जास्त झाले. पान सुरकुतले आणि पातळ झाले तर कमी पडले, एवढे ओळखता आले तरी पुरे. छाटणीला पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर, नाहीतर फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्च, हा काळ योग्य.

छाटणीच्या दिवशी फांदी हातात धरून नीट पाहावी. पाने गळून गेलेल्या भागावरही ठरावीक अंतराने एक बारीक कडे दिसते. तिथे पूर्वी पानांची जोडी होती आणि तिथेच दोन बाजूंना दोन झोपलेले डोळे, म्हणजे अजून न फुटलेले कोंब, असतात. साल नखाने किंचित खरवडावी. खाली हिरवे दिसले तर त्या फांदीला फूट येईल, तिच्यावर एकही पान नसले तरीही. काप त्या कड्याच्या वर सुमारे अर्धा सेंटिमीटर ठेवून घ्यावा. वरचा तुकडा कड्यापर्यंत वाळत येतो आणि पुढे आपोआप गळून पडतो, त्यामुळे अगदी कड्याला चिकटून कापले तर डोळाच वाळण्याची भीती असते. एका कड्याची जोडी पूर्व-पश्चिम असेल तर पुढच्या कड्याची दक्षिणोत्तर असते, म्हणजे काप कुठे घ्यायचा हे ठरवताना नवी फांदी कोणत्या दिशेला जावी हेही आपल्याला ठरवता येते. आत वळणारा कोंब लहान असतानाच बोटाने चोळून काढावा. लांबी निम्मी, प्रसंगी दोन-तृतीयांश कमी केली तरी निरोगी झाडाला ते सोसते. कात्री मात्र धारदार आणि स्पिरिटने पुसलेली असावी.

यानंतरचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण छाटलेली झाडे मरतात ती बहुधा कात्रीने नव्हे, तर त्यानंतरच्या मायेने. पाने कमी झाली की झाडाला पाणीही कमी लागते. आपण मात्र त्याची उघडी फांदी पाहून अधिक पाणी आणि वर खत घालतो, माती ओली राहते आणि मुळे कुजतात. छाटणीनंतर आठवडाभर पाणी देऊ नये, पुढे पूर्वीच्या निम्म्यानेच द्यावे, आणि नवी पाने नीट उघडेपर्यंत खताला हात लावू नये. फूट दिसायला तीन-चार आठवडे लागू शकतात. त्या काळात सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल अशा जागी झाड हळूहळू सरकवावे आणि दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी. कुंडी बदलायची असल्यास ती नवी फूट स्थिरावल्यावर बदलावी. तेव्हा पोयटा माती, जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा, आणि थोडे गांडूळखत असे निचऱ्याचे मिश्रण घ्यावे. नुसती लाल माती दगडासारखी घट्ट बसते.

छाटलेल्या फांद्या टाकून देऊ नयेत. चार-सहा इंचांचे तुकडे करून, खालची पाने काढून, सावलीत पाच-सहा दिवस ठेवावेत आणि कापलेले तोंड कोरडे झाल्यावरच वाळूमिश्रित मातीत खोचावेत. सुट्या पानांपासून मात्र या झाडाचे रोप होण्याची फारशी आशा ठेवू नये. ते क्रासुलाला सहज जमते.

प्रश्न : मे महिन्यात गच्चीवरील जेड खूप छाटले. उघड्या फांद्यांवर करपल्यासारखे डाग पडले आणि आता बुंधा दाबल्यास मऊ लागतो. झाड वाचेल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : डागांची काळजी नको. पानांच्या सावलीत वाढलेली साल विदर्भाच्या मे महिन्यातल्या उन्हात एकदम उघडी पडली म्हणून ती भाजली. मऊ झालेला बुंधा मात्र परत घट्ट होत नाही. आज-उद्याच वरच्या कडक भागातून फांदी कापावी आणि कापाचा आतला रंग पाहावा. मधोमध तपकिरी ठिपका किंवा कडे दिसले तर कात्री पुसून आणखी वर कापावे, आतला गर पूर्ण स्वच्छ हिरवट-पांढरा दिसेपर्यंत. एरवी पावसाळ्यात कापू नये असे वर म्हटले असले, तरी इथे थांबल्यास काहीच हाती लागणार नाही. तो तुकडा पंख्याच्या वाऱ्याखाली आठवडाभर सुकवून कोरड्या वाळूत लावावा, आणि जुनी माती दुसऱ्या कोणत्याही कुंडीत वापरू नये.