इन्ट्रॉनला ‘निरर्थक भाग’ म्हणावे का?

प्रश्न असा आहे : थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या जनुकचाचणीच्या अहवालात ‘आयव्हीएस १-५’ अशी नोंद असते, तिचा अर्थ काय, आणि आयव्हीएस म्हणजे इन्ट्रॉन असेल, तर इन्ट्रॉनला मराठीत ‘निरर्थक भाग’ म्हणणे योग्य आहे का?

‘आयव्हीएस’ ही ‘इंटरव्हीनिंग सीक्वेन्स’ या शब्दांची आद्याक्षरे असून ते इन्ट्रॉनचेच जुने नाव आहे. जनुके सलग नसतात, हे १९७७ साली उघड झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकी रेण्वीय जीवशास्त्रज्ञ वॉल्टर गिल्बर्ट यांनी ‘इन्ट्रॉन’ आणि ‘एक्सॉन’ हे शब्द सुचवले, तरी अहवालांत जुने नाव टिकून राहिले. केंद्रकात जनुकावरून आरएनएची पूर्ण प्रत तयार होते, तिच्यातील इन्ट्रॉन कापून काढले जातात आणि उरलेले एक्सॉन एकमेकांना जोडले जातात. बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधील एका प्रथिनाच्या) जनुकात तीन एक्सॉन व दोन इन्ट्रॉन आहेत. त्यांपैकी पहिला इन्ट्रॉन १३० न्यूक्लिओटाइडांचा, म्हणजे जनुकीय मजकुराच्या १३० अक्षरांचा, असून त्यातील पाचव्या स्थानी बदल झाला आहे, एवढेच ‘१-५’ सांगते.

भारतात बीटा थॅलेसेमियाला कारण ठरणारा सर्वाधिक आढळणारा बदल हाच, म्हणजे त्या स्थानी ‘जी’ऐवजी ‘सी’ येणे. प्रथिनाच्या मजकुरातील एकाही शब्दाला तो धक्का लावत नाही. परंतु कुठे कापायचे हे पेशी ज्या खुणेवरून ओळखते ती खूण पुसट झाल्यामुळे कात्री भलत्याच जागी चालते, बहुतेक प्रती बिघडतात आणि बीटा ग्लोबिन फारच थोडे तयार होते. ज्या भागातील एका अक्षराने एवढा अनर्थ होतो, त्याला निरर्थक म्हणणे मला पटत नाही.

‘असांकेतिक भाग’ (प्रथिनाचा संकेत नसलेला भाग) हा पर्यायही अपुराच आहे, कारण याच जनुकाच्या पहिल्या एक्सॉनमधील सुरुवातीच्या ५० न्यूक्लिओटाइडांपासूनही प्रथिन बनत नाही, तरी ती अंतिम आरएनएमध्ये राहतात. (‘एक्सॉन’ हे नाव ‘एक्स्प्रेस्ड’ (व्यक्त होणारा) या शब्दावरून घडवलेले असल्याने हा घोटाळा होणे स्वाभाविकच म्हणायचे.) कसोटी अर्थाची नसून अंतिम प्रतीत राहण्या-न राहण्याची आहे. म्हणून ‘इन्ट्रॉन’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात ‘प्रतीतून वगळला जाणारा भाग’ असा खुलासा जोडावा. मात्र वगळलेला प्रत्येक तुकडा इन्ट्रॉनच असतो, असेही नाही : कॅल्सिटोनिन या संप्रेरकाच्या जनुकातील चौथा एक्सॉन थायरॉइडमध्ये ठेवला जातो, तर चेतापेशींमध्ये तो गाळला जाऊन सीजीआरपी हे निराळेच पेप्टाइड (छोटे प्रथिन) तयार होते.