एक्सपेंगच्या गाड्या खरंच ड्रायव्हरशिवाय चालतात का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: एक्सपेंग या चिनी कंपनीच्या इलेक्ट्रिक गाड्या स्वतः चालतात हे कितपत खरं, कंपनी भरवशाची आहे का, आणि तिची गाडी भारतात मिळेल का. मी पुण्यात गाड्यांच्या ड्रायव्हर-असिस्ट सॉफ्टवेअरवर काम करतो, त्यामुळे या कंपनीवर माझं लक्ष असतंच.

पहिल्याचं उत्तर सरळ देतो. लोकांना विकलेली एक्सपेंगची गाडी ड्रायव्हरशिवाय चालत नाही. ती 'लेव्हल २' मध्ये मोडते. म्हणजे स्टिअरिंग, ब्रेक आणि वेग ती सांभाळते, पण रस्त्यावर लक्ष ठेवायचं ते माणसानेच आणि अपघात झाला तर जबाबदारीही त्याचीच. इंटरनेटवरच्या व्हिडिओंमध्ये नेमकं हेच कुणी सांगत नाही, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

तरीही ही कंपनी साधी नाही. २०१४मध्ये ग्वांगझू शहरात तिची सुरुवात झाली. तिथल्याच सरकारी कार कंपनीतून बाहेर पडलेले दोन इंजिनिअर, श्या हंग आणि ह ताओ, यांनी ती सुरू केली आणि पैसे घातले ह श्याओपेंग यांनी. कंपनीचं नाव त्यांच्याच नावावरून आहे. तुम्ही नोकिया किंवा स्वस्त अँड्रॉइड फोन वापरला असेल तर या गृहस्थांचं काम तुमच्या हातातून गेलेलं आहे, कारण यूसी ब्राउझर त्यांच्या कंपनीचा. टूजी नेटवर क्रिकेटचा स्कोअर बघायला आपल्याकडे गावोगाव तोच चालायचा. वेबपेज आधी सर्व्हरवर दाबून लहान करायचं आणि मग फोनवर पाठवायचं, ही त्याची युक्ती. ती कंपनी २०१४मध्ये अलीबाबाने घेतली, २०१७मध्ये श्याओपेंग तिथून बाहेर पडून पूर्णवेळ गाड्यांकडे आले, आणि २०२०मध्ये भारताने जी ५९ चिनी अ‍ॅप्स बंद केली त्यात यूसी ब्राउझरही होता.

ही पार्श्वभूमी सांगितली कारण कंपनीचा स्वभाव तिथून आलाय. बहुतेक कार कंपन्या कॅमेरा, रडार आणि त्यांचं सॉफ्टवेअर बाहेरच्या पुरवठादाराकडून विकत घेतात. एक्सपेंगने ड्रायव्हिंगचं सॉफ्टवेअर घरातच लिहायचं ठरवलं. २०२१च्या सुरुवातीला हायवेवर लेन बदलणं आणि ओव्हरटेक करणं जमवलं. २०२२मध्ये ग्वांगझूच्या शहरी रस्त्यांवर उतरले. सुरुवातीला यासाठी सेंटिमीटरपर्यंत मोजलेले खास नकाशे लागायचे. एखादा रस्ता खणला की नकाशा खोटा ठरायचा आणि गाडी अडायची. मग त्यांनी नकाशाचा आधार काढून कॅमेऱ्याला दिसेल त्यावर निर्णय घेणारी पद्धत आणली. माझ्या मते त्यांचं सगळ्यात अवघड काम हेच.

कामानिमित्त ग्वांगझूला गेलो होतो तेव्हा एका परिचिताच्या एक्सपेंग जी६ गाडीत मागच्या सीटवर बसून हे पाहिलं. चीनमध्ये उजवीकडून गाड्या चालतात, त्यामुळे तिथलं डावं वळण म्हणजे आपलं उजवं: समोरून येणारी वाहतूक कापून जायचं. चौकात पार्सलवाल्यांच्या इलेक्ट्रिक स्कूटर दोन्ही बाजूंनी घुसत होत्या, एक तर उलट दिशेने. समोरच्या स्क्रीनवर प्रत्येक स्कूटरची छोटी आकृती उमटत होती. गाडी अर्धी पुढे सरकली, उलट येणाऱ्यासाठी थांबली, मागे दुसरी स्कूटर नाही हे पाहून मगच वळली. हे कोड लिहिणाऱ्यांना किती रात्री लागल्या असतील याचा मला अंदाज आहे. माझ्या परिचिताचे हात मात्र पूर्ण वेळ स्टिअरिंगवर होते आणि नजर रस्त्यावर.

तसंच असायला हवं. मार्च २०२५मध्ये आन्हुई प्रांतात शाओमी या दुसऱ्या कंपनीच्या एसयू७ गाडीचा एक्सप्रेसवेवर अपघात झाला, तीन तरुणी गेल्या. कंपनीने दिलेल्या माहितीनुसार असिस्ट चालू होतं, वेग ताशी ११६ किलोमीटर होता, पुढे कामासाठी लेन बंद होती. गाडीने इशारा दिला, ड्रायव्हरने ताबा घेतला, आणि काही सेकंदांतच ती काँक्रीटच्या कठड्यावर आदळली. या वेगाला गाडी दर सेकंदाला ३२ मीटर पुढे जाते. लक्ष दुसरीकडे असलेल्या माणसाला परिस्थिती समजायलाच दोन सेकंद जातात, तोवर साठेक मीटर रस्ता संपलेला असतो. पुढच्याच महिन्यात चीनच्या उद्योग मंत्रालयाने कंपन्यांना बोलावून जाहिरातीत 'स्वयंचलित' असे शब्द वापरायला मनाई केली. लेव्हल ३चे, म्हणजे ठरावीक परिस्थितीत गाडी स्वतः चालते आणि माणसाला सतत लक्ष ठेवावं लागत नाही अशा पातळीचे, पहिले परवाने डिसेंबर २०२५मध्ये दिले, तेही चांगआन आणि आर्कफॉक्स या चिनी ब्रँडच्या प्रत्येकी एका मॉडेलला, ठरावीक रस्त्यांपुरते.

एक्सपेंगच्या एका निर्णयाशी मी सहमत नाही. २०२१ची त्यांची पी५ ही लायडार घेऊन आलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. लायडार म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र. २०२४ला पी७ प्लसमधून त्यांनी ते काढलं आणि भर कॅमेऱ्यांवर दिला. खर्च वाचतो हे मान्य. पण कॅमेरा अंतराचा अंदाज बांधतो, लायडार ते मोजतो. रात्री दिवे न लावता उभा असलेला ट्रक किंवा समोरून डोळ्यांत येणारं मावळतीचं ऊन, अशा वेळी मला ते मोजमाप हवं वाटतं.

कंपनी टिकेल का? २०२२च्या शेवटी ती बुडते की काय अशी अवस्था होती. जी९ आणली, पण व्हेरिएंट आणि किमतींचा एवढा गोंधळ घातला की दोन दिवसांत यादी बदलावी लागली, विक्री कोसळली. २०२३मध्ये तोटा १० अब्ज युआनच्या पुढे गेला. त्याच वर्षी ग्रेट वॉल मोटरमधल्या अनुभवी वांग फंगयिंग अध्यक्ष म्हणून आल्या, आणि फोक्सवॅगनने सुमारे ७० कोटी डॉलर देऊन जवळपास ५ टक्के हिस्सा घेतला. आपल्या चाकणला कारखाना असलेली ती फोक्सवॅगन एका तरुण चिनी कंपनीकडे तंत्रज्ञानासाठी गेली, ही आमच्या क्षेत्रात फार मोठी गोष्ट होती. मग ऑगस्ट २०२४मध्ये मोना एम०३ ही एक्सपेंगची स्वस्त गाडी आली, सुरुवातीची किंमत १,१९,८०० युआन, तेव्हाच्या हिशेबाने चौदा लाख रुपये. तिथून गाडी रुळावर आली: २०२४मध्ये १ लाख ९० हजार गाड्या दिल्या, २०२५मध्ये चार लाखांहून जास्त.

भारतात लवकर येईल असं मला वाटत नाही. २०२०पासून चिनी गुंतवणुकीचे नियम कडक झाले. २०२३मध्ये बीवायडी ही चिनी कार कंपनी आणि हैदराबादच्या मेघा इंजिनीअरिंगचा सुमारे १ अब्ज डॉलरचा प्रस्ताव सरकारने फेटाळल्याच्या बातम्या होत्या. शिवाय २०२१च्या नियमांनुसार १ मीटरपेक्षा बारीक नकाशाची माहिती फक्त भारतीय कंपन्यांनीच गोळा करायची आहे, आणि एक्सपेंगची सगळी ताकद रस्त्यावरची माहिती गोळा करण्यात आहे. ड्रायव्हर-असिस्ट एवढंच हवं असेल तर चाकणलाच बनणाऱ्या महिंद्राच्या गाड्या आधी चालवून बघा. एक्सपेंगच बघायची असेल तर थायलंडमध्ये उजव्या स्टिअरिंगची जी६ विकली जाते. टेस्ट ड्राइव्ह घेताना कोणती फीचर्स त्या देशात चालू आहेत ते आधी विचारा, कारण चीनमधलं सगळं तिथे मिळेलच असं नाही.