५१२ की ४९८?

प्रश्न: ताई, मी डिचोलीत मराठी शिकवतो. एका निबंध स्पर्धेसाठी नार्वेच्या सप्तकोटेश्वर देवळावर लेख पाठवला होता. मर्यादा ५०० शब्दांची. फोनवरच्या ॲपने ४९८ दाखवले म्हणून निर्धास्त होतो. आयोजकांनी मात्र ‘वर्डमध्ये ५१२ भरतात’ असं सांगून लेख परत केला. खरा आकडा कुठला? लेख सोबत जोडला आहे.

उत्तर: सर, लेख वाचला आणि मग कागदावर काढून, पेन्सिल घेऊन मोजलासुद्धा.

वर्ड दोन मोकळ्या जागांच्या मधे जे सापडेल त्याला शब्द धरतो. तुम्ही वाक्यात थांबता तिथे डॅश देता आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जागा सोडता. असा सुटा डॅश वर्डच्या हिशेबी एक शब्द होतो. लेखात असे १४ डॅश आहेत. ५१२ मधून १४ वजा केले की ४९८. तुमच्या ॲपने नुसती चिन्हं सोडून दिली, फरक तेवढाच.

पण मला ४९८ सुद्धा मान्य नाही. तुमचं हे वाक्य बघा: ‘देवळा समोरच्या दीपमाळे जवळ आम्ही थांबलो.’ मोजणीत सहा शब्द. फोनवर टाइप करताना सुचवलेला शब्द निवडला की पुढे आपोआप जागा पडते, तिथे हे तुटलं असणार. मराठीत शब्दयोगी अव्यय शब्दाला जोडूनच लिहायचं: ‘देवळासमोरच्या दीपमाळेजवळ आम्ही थांबलो.’ झाले चार. हिंदीत ‘मंदिर के सामने’ हे तीन शब्द, आपलं ‘देवळासमोर’ एकच. लेखात अशा नऊ जागा सापडल्या. त्या जोडल्यावर तुमचा लेख ४८९ शब्दांचा आहे. तो मर्यादेत होता, आणि तो परत आला याचं मला खरंच वाईट वाटलं.

आता लांबीबद्दल. पणजीच्या एका दैनिकात माझा पहिला लेख छापून आला, तो माझ्या भजनाच्या गुरूंवरचा श्रद्धांजलीपर लेख होता. तेव्हा आम्ही फुलस्केपवर हाताने लिहायचो. दहा ओळींतले शब्द मोजायचे, सरासरी काढायची, एकूण ओळींनी गुणायचं. सांगितले होते ४०० शब्द, मी दिले बरोबर ४००. पण माझे शब्द लांबलचक होते, मजकूर रकान्यात मावला नाही आणि खालचा परिच्छेद गेला. गुरूंनी शेवटच्या दिवसांत शिकवलेला अभंग त्या परिच्छेदात होता. त्यानंतर मी कुणालाही लेख देण्याआधी विचारते, शब्द किती आणि जागा किती.

अक्षरं मोजायला गेलात तर आणखी सांभाळा. ‘सप्तकोटेश्वराच्या’ हा शब्द डोळ्यांना सात अक्षरांचा दिसतो: स, प्त, को, टे, श्व, रा, च्या. संगणकाच्या मोजणीत तो १७ भरतो, कारण काना, मात्रा आणि जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह हे सगळं तिथे वेगवेगळं मोजलं जातं. एका साध्या एसएमएसमध्ये इंग्रजी मजकूर १६० चिन्हांपर्यंत जातो, देवनागरी फक्त ७०. जत्रेचं निमंत्रण पाठवताना संदेशाचे दोन तुकडे होतात ते यामुळेच.

वर्डमध्ये खालच्या पट्टीवरच्या शब्दसंख्येवर क्लिक केलं की चौकट उघडते. तिथे तळटीपा आणि मजकूर-चौकटी धरायच्या की नाहीत याची खूण असते, ती बघून घ्या. शीर्षक आणि तुमचं नाव वगळून आकडा हवा असेल तर तेवढाच मजकूर निवडा, निवडलेल्या भागाचे शब्द खालीच दिसतात. गूगल डॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि सी एकत्र दाबा. नवीन ॲप वापरण्याआधी स्वतः मोजलेलं दहा शब्दांचं वाक्य त्यात घालून बघा, कारण इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून केलेली काही ॲपं काना-मात्रेपाशीच शब्द तोडतात.

आयोजकांना आजच पत्र लिहा. सुटे डॅश शब्द म्हणून धरता का, शीर्षक धरता का, एवढं विचारा आणि दुरुस्त केलेली प्रत सोबत जोडा. पुढेमागे कुठे लेख छोटा करायची वेळ आलीच, तर सुरुवातीचे मंदिराच्या १६६८ च्या जीर्णोद्धाराचे तपशील आवरते घ्या, ते डिचोलीत शाळकरी पोरांनाही ठाऊक आहेत. तुमच्या आजीने दीपमाळेत पणती ठेवली तो परिच्छेद मात्र आहे तसाच राहू द्या.