शाल त्याला, क्लिप तुझी

*मावशी, मी ब्रह्मपुरीकडल्या एका खेड्यातली. वय ३४, दोन लेकरं, घरी धानाची शेती. नऊ वर्षांपासून वडशाच्या नाटक कंपन्यांत काम करते. यंदा आमच्या गावचं सरपंचपद बाईसाठी निघालं अन् बचत गटातल्या बायांनी माझं नाव समोर केलं. आठ दिवसांत माझ्या जुन्या नाटकातल्या एका गाण्याची क्लिप गावच्या व्हॉट्सॲपवर फिरू लागली. खाली नाही नाही ते लिहिलं. त्या गाण्यातला हिरो बाजूच्याच गावचा. त्याले मागच्या २६ जानेवारीले आमच्या शाळेत शाल-श्रीफळ देल्लं. देनारे अन् क्लिप फिरवनारे एकच. दीर म्हनते, नाटक सोड नाहीतर अर्ज सोड. मालक काहीच बोलत नाहीत. पोरगी आठवीत आहे, तिले वर्गात चिडवतात. मावशी, मी त्या डान्सवाल्या पोरींसारखी नाही, मी संसारी बाई आहो. हे लोकायले कसं पटवून देऊ? का सोडूनच देऊ?*

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा त्या शालीचा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना डान्सवाल्या पोरींच्या वाक्यापाशी अडखळले आणि थोडा तुझाही राग आला. त्याचं मागाहून बोलू. आधी शाल.

गाणं एकच, स्टेज एकच, पेटीवाला आणि तबलेवाला तेच. कंबर धरायला दोन माणसं लागतात ना? त्यातला एक कलावंत ठरला आणि दुसरी ‘तसली’. क्लिप फिरवणाऱ्यांना त्यात तो दिसलाच नसेल असं नाही. दिसला, आणि त्याचं कौतुकच वाटलं. मोठा रंगेल गडी, म्हणाले असतील पानठेल्यावर.

मला या झाडीपट्टीचं, आपल्या पूर्व विदर्भातल्या या धानाच्या मुलखाचं, नेहमी एक नवल वाटतं. दिवाळी झाली, धान कापून झालं, हाती चार पैसे आले की मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते आणि नाटकं लागतात, ती पार होळीपर्यंत. गावचं मंडळ वडशाला जाऊन नाटक कंपनी ठरवून येतं. लेकी-जावयांना निरोप जातात, पाहुण्यांनी घर भरतं. रात्रभर नाटक चालतं आणि दिवसा त्याच पाहुण्यांत मुली पाहण्याचे कार्यक्रम होतात. कितीतरी घरांच्या सोयरिकी नाटकाच्या निमित्तानं जुळल्या आहेत, त्यात माझ्या चुलतबहिणीचीही. म्हणजे नाटकामुळे सोयरीक होते, पण नाटकातल्या बाईशी सोयरीक म्हटलं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. पूर्वी दंडारीत, म्हणजे इथल्या जुन्या लोकनाट्यात, आणि नाटकात पुरुषच लुगडं नेसून बायका व्हायचे. तेव्हा त्या लटक्या कमरेची गावभर वाहवा व्हायची. खरी बाई उभी राहिली आणि मग गावाला अब्रू आठवली.

२०२३ साली झाडीपट्टीच्या नाटकांतले कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या सगळ्यांच्याच छात्या फुगल्या होत्या, आणि ते बरोबरच होतं. तो मान ज्या रंगभूमीचा, तिच्यावरच तू नऊ वर्षं उभी आहेस. दिराला हे सांगून बघ. पटेलच याची हमी मी देत नाही.

हे दुखणं नवं नाही आणि बाहेरून आलेलंही नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, ते याच रागातून. आदल्या वर्षी सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला, लग्नाबाहेर झालेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे कमी झाली, पण तोवर वर्तमानपत्रांनी तमाम बायकांची नीती काढली. ताराबाईंनी उलटं विचारलं, की जे दोष बायकांच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का? त्या मुलाला बापही असणारच होता. त्याचं नाव कोणी घेतलं नाही. तुझ्या क्लिपखाली तुझ्या हिरोचं नाव कोणी घेतलं नाही, तसंच.

आता माझ्या रागाचं.

‘मी डान्सवाल्या पोरींसारखी नाही.’ का गं? तुझ्याच गाडीतून त्या जातात, तुझ्याच मेकअपच्या खोलीत बसतात, पहाटे तुझ्याच डब्यातली भाजी खातात. त्यांची नाइट, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाची बिदागी, तुझ्यापेक्षा कमी असेल, घरी कोणाचा बाप आजारी असेल, कोणाला नवऱ्यानं टाकलं असेल, आणि कोणाला नुसतं नाचायलाच आवडत असेल. गावानं तुझ्याकडे बोट दाखवलं, तू ते त्यांच्याकडे वळवलंस. त्यानं तू वाचणार नाहीस. आज ‘मी संसारी आहे’ म्हणशील, उद्या ते विचारतील, मग रात्री दोन वाजता स्टेजवर काय करत होतीस? तू जेवढं पटवायला जाशील तेवढी ती उलटतपासणी लांबत जाईल. तिच्यात पास होण्याची सोयच ठेवलेली नाही. मी सांगते, तू पटवून देऊच नकोस. कोणी विचारलं तर म्हण, हो, मीच आहे ती, गाणं चांगलं झालं होतं, पुढच्या सीझनला या. आणि पुढं धानाच्या चुकाऱ्याचं, विकलेल्या धानाच्या पैशांचं बोल.

सोपं नाही, ठाऊक आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. एका गावात सायकल पंक्चर झाली म्हणून एका सहकाऱ्याच्या राजदूत मोटारसायकलवर मागे बसून आले, तर सहा महिने माझं नाव शाळेच्या संडासाच्या भिंतीवर होतं. त्या सहकाऱ्याचं नव्हतं. मीही तेव्हा घरोघरी जाऊन सांगत बसले की ते मला बहिणीसारखे आहेत. आज वाटतं, चुना आणून भिंत रंगवली असती तर वेळ तरी वाचला असता.

अर्जाचं म्हणशील तर मला यात वेगळाच वास येतो. १९९३ पासून पंचायतीत बायांना एक तृतीयांश जागा आल्या आणि महाराष्ट्रानं २०११ मध्ये त्या निम्म्या केल्या. तेव्हापासून खुर्चीवर बाई बसायला कोणाची हरकत नाही. सही करणारी, पदर सावरून कोपऱ्यात बसणारी आणि नवऱ्याला ‘सरपंचसाहेब’ होऊ देणारी बाई सगळ्यांनाच सोयीची असते. तू नऊ वर्षं हजार माणसांसमोर माइकवर बोलते आहेस. तू गप्प बसणार नाहीस, हे क्लिप फिरवणाऱ्यांना तुझ्या दिराच्या आधी कळलं आहे.

पण एक प्रश्न ते विचारतील आणि तो मात्र रास्त आहे. सीझनला तू महिनोन्‌महिने रात्री बाहेर, दिवसा झोपलेली. मग गावचं काम कधी करशील? २६ जानेवारीची ग्रामसभा नेमकी भर सीझनमध्ये येते. याचं उत्तर तुझ्याकडे पाहिजे. नाइटा निम्म्या करशील? जवळच्याच गावांत करशील? हे आधी कंपनीशी बोल, मग बचत गटाच्या बायांना सांग. पदरातलं सगळं दाखवायची गरज नाही, पण वेळेचा हिशेब दाखवावाच लागेल.

क्लिपचं काय करायचं ते सांगते. नाटक तिकीट लावून सगळ्यांसमोर झालं, त्यामुळे नुसतं गाणं फिरवणं हा गुन्हा ठरवणं कठीण जाईल. पण खाली जे लिहिलं आहे ते वेगळं. बाईच्या लज्जेचा अपमान करण्याच्या हेतूनं काढलेल्या शब्दांना भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आहे. क्लिपला कापून-जोडून अश्लील केलं असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ कलम आहे. म्हणून रागात ग्रुप सोडू नकोस. आधी प्रत्येक मेसेजचा स्क्रीनशॉट घे, त्यात नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. मोबाइल बिघडला तर म्हणून गटातल्या आणखी एका बाईकडे ते ठेव. ठाण्यात जाशील तेव्हा मालकाला एकट्याला घेऊन जाऊ नकोस, गटातल्या पाच-सहा जणी घेऊन जा. एका बाईला ‘मिटवून घ्या’ म्हणणं सोपं असतं. तक्रार लेखी दे आणि तिची पोच घे. आचारसंहिता लागली असेल तर तहसीलमध्ये निवडणूक अधिकाऱ्यालाही तीच तक्रार दे.

मालक बोलत नाहीत, याचा अर्थ ते तुझ्या विरोधात आहेत असा लगेच काढू नकोस. तुझ्या नाइटच्या पैशांनी घरात काय काय आलं ते त्यांना माहीत आहे, आणि पानठेल्यावर त्यांना त्यावरूनच टोचत असतील. पुरुषाला बायकोच्या नावानं टोचणं हाही याच दुखण्याचा भाग आहे. एखाद्या रात्री बांधीवरून परत येताना एवढंच विचार, की ‘माझ्याबद्दल कोणी काही बोललं तर तुमी काय म्हणसान?’ आणि उत्तर येईस्तोवर तू काही बोलू नकोस. वेळ लागला तर लागू दे.

माझा जीव अडकला आहे तो तुझ्या पोरीत. तेरा-चौदाचं वय, सगळ्यात वाईट. वर्गातल्या पोरांच्या मोबाइलवर तिनं तुला पाहिलं असणारच, आणि तेही त्या शेऱ्यांसकट. तिनं तुझं नाटक कधी अख्खं पाहिलं आहे का? पत्रात तू लिहिलं नाहीस. होळीच्या आत जवळच्या एखाद्या गावात नाइट असेल तर तिला घेऊन जा, अगदी पुढं बसव. तिला ते गाणंही पाहू दे आणि त्याच्या पुढच्या प्रवेशात तू रडवतेस तेही पाहू दे. पहाटे गाडीत परतताना त्या डान्सवाल्या पोरींच्या मध्ये बसव तिला. शाळेत मुख्याध्यापकांना तू स्वतः भेट. ज्या शाळेत शाल दिली गेली तिथंच चिडवाचिडवी चालली आहे, हे त्यांना शांतपणे आठवण करून दे.

नाटक सोडायचं की अर्ज, हे तू ठरव. दिराला ठरवू देऊ नकोस. भरायचाच ठरवलास तर एक बघून ठेव. उमेदवारी अर्जात चालचलणुकीचा रकाना नाही, पण ग्रामपंचायतीचा कर थकला असला तर अर्ज अडकतो, आणि छाननीच्या दिवशी तेच शोधायला माणसं बसलेली असतील. घरपट्टी, पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या आजच काढ. सापडत नसतील तर ग्रामपंचायतीतून बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचा, दाखला घे. त्यासाठी मालकाला पाठवू नकोस, तूच जा.

तुझी,
मावशी