सार्वजनिक ठिकाणची धूम्रपानबंदी हा व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला नाही का?

अजिबात नाही. आणि हे मी गोंदिया जिल्ह्यातल्या अशा गावातून लिहितो आहे, जिथे मे महिन्यात माणसं पहाटेच विडीला लागणारा तेंदूपत्ता तोडायला निघतात आणि दुपारी अंगणात बसून 70-70 पानांचे पुडे बांधतात.

"माझं शरीर, माझा पैसा" म्हणणाऱ्याला कायद्यानं अडवलेलंच नाही. 2003 चा तंबाखू नियंत्रण कायदा आणि 2 ऑक्टोबर 2008 पासूनचे नियम सांगतात ते इतकंच, की दवाखाना, कचेरी, शाळा, एसटी अशा ठिकाणी ओढू नका. आपल्या वावरात, धुऱ्यावर बसून ओढा, कोण पावती फाडतो? आरोग्य केंद्रात नंबर लावून बसलेली गरोदर बाई मात्र धूर आला म्हणून उठून जाऊ शकत नाही. स्वातंत्र्य तिलाही आहे ना?

पोटापाण्याचा मुद्दा मात्र मला खरोखर टोचतो. तेंदूच्या पैशावर आमच्याकडे कित्येक घरांत खरिपाचं बियाणं येतं. पण ही बंदी ओढण्याच्या जागेवर आहे, विडीच्या विक्रीवर नाही. आणि विडी वळणाऱ्या बाईचा एवढा कळवळा असेल तर तिच्या ओसरीवर जाऊन बसा. मांडीवर सूप, सुपात तंबाखूचा चुरा, बाजूला खेळणारं लेकरू. दिवसभर तीच भुकटी नाकातोंडात. मजुरी हजार विड्यांमागे, त्यातूनही खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा. तिला मजुरी वाढवून द्या, दुसरं काम द्या. तिचं नाव पुढे करून दवाखान्यात धूर सोडायची मुभा मागू नका.

विरोधकांची एक तक्रार मला मान्य आहे. 30 किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलला आणि विमानतळाला स्मोकिंग रूमची सवलत, आणि एसटीत विडी पेटवणाऱ्याला 200 रुपयांपर्यंत दंड. ही सवलत काढूनच टाकली पाहिजे.

"इथे सगळे खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात, धूरबंदी कशाला?" असंही विचारतात. 2016-17 च्या पाहणीत महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेणारे, पण धूम्रपान करणारे 3.8 टक्केच होते, हे खरं. मग पानठेल्यावरच्या खर्र्यावरही बोला, मी सोबत आहे. त्यासाठी धूर मोकळा कशाला सोडायचा?

तुमच्याकडे दवाखान्यात वा कचेरीत कुणी ओढत असेल तर त्याच्याशी भांडत बसू नका. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव तिथे फलकावर लावणं नियमानंच बंधनकारक आहे. त्याला सांगा. तक्रार करूनही हालचाल झाली नाही, तर जितके ओढणारे तितका दंड तिथल्या प्रमुखावर बसतो.